पारा ते ग्राफीन : वस्तूंमधील विष ओळखणाऱ्या संवेदकांचा इतिहास



प्रोजेक्टसाठी विषय शोधताना तुमच्यापैकी अनेकांनी ‘ग्राफीन’ हा शब्द वाचला असेल. ग्राफीनचा इलेक्ट्रोड वापरून पाण्यातील शिसे, खेळण्यातील कॅडमियम किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीतून झिरपणारे बिस्फेनॉल-ए ओळखणारा संवेदक, म्हणजेच सेन्सर, तयार केल्याचे शोधनिबंध आज हजारोंनी आहेत. अशा जवळजवळ प्रत्येक निबंधात एक आकडा ठळकपणे दिलेला असतो. पदार्थाचे कमीत कमी किती प्रमाण हा संवेदक ओळखू शकतो, ते तो आकडा सांगतो. त्याला आपण ओळख-मर्यादा म्हणू. दर नव्या निबंधात हा आकडा आधीच्यापेक्षा लहान होत जातो.

या पाठात आपण त्या आकड्याकडे इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. रोजच्या वापराच्या वस्तूंमधील विष शोधण्याची धडपड किमान दोनशे वर्षे जुनी आहे. तो इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. विष सापडणे वेगळे, आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यासमोर ते दाखवून देता येणे वेगळे. ग्राफीनचे संवेदक या दोन टप्प्यांच्या मध्ये कुठे उभे आहेत, हे पाठाच्या शेवटी तुम्हाला स्वतःला ठरवता आले पाहिजे.

१. न्यायालयात टिकला नाही तो पुरावा

सुरुवात इंग्लंडमध्ये करू. १८३३ साली जॉन बोडल नावाच्या तरुणावर आजोबांच्या कॉफीत आर्सेनिक मिसळल्याचा खटला चालला. वूलिच येथील शस्त्रागारात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांनी नमुना तपासला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला आणि आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला. विष सापडले होते. पण खटला उभा राहीपर्यंत तो साका खराब झाला. ज्युरीला तो पटला नाही आणि आरोपी सुटला.

मार्श यांनी १८३६ मध्ये नवी कसोटी प्रसिद्ध केली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचे. आर्सेनिक असेल तर आर्सीन वायू तयार होतो. तो वायू तापवला की काचेवर आर्सेनिकचा काळसर, चकचकीत थर बसतो. हा थर टिकतो, न्यायालयात नेता येतो आणि ज्युरीतल्या सामान्य माणसालाही दिसतो. ही पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील होतीच. पण तिचा जन्म संवेदनशीलतेच्या हौसेतून झालेला नव्हता. पुरावा दाखवता आला नाही, या अडचणीतून ती आली. हा मुद्दा लक्षात ठेवा. आपण त्याकडे पुन्हा येणार आहोत.

त्या काळात आर्सेनिक फक्त खुन्यांच्या हाती नव्हते. शेले यांनी १७७५ च्या सुमारास तयार केलेला तांब्या-आर्सेनिकचा हिरवा रंग भिंतीच्या कागदांत आणि कृत्रिम फुलांत सर्रास वापरला जाई. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड शहरात मिठाईत स्वस्त भेसळ म्हणून घालायच्या पांढऱ्या भुकटीऐवजी चुकून आर्सेनिक ट्रायऑक्साइड विकले गेले. पेपरमिंटच्या त्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसे मेली आणि दोनशेहून अधिक आजारी पडली. दोन्ही भुकट्या पांढऱ्या होत्या. डोळ्यांना त्यांतला फरक कळत नव्हता, आणि दुकानात तपासण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

२. मर्यादेचा आकडा कुठून येतो?

१९०० साली मँचेस्टर आणि आसपासच्या भागात बिअर पिणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, त्वचा काळवंडू लागली. डॉक्टरांना आधी हा दारूचाच परिणाम वाटला. नंतर कळले की बिअरसाठी वापरलेली साखर ज्या सल्फ्युरिक आम्लाने बनवली होती, त्या आम्लातच आर्सेनिक होते. सुमारे ६,००० लोक बाधित झाले आणि ७० जण दगावले.

या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते लॉर्ड केल्व्हिन. तापमानाच्या एककामुळे तुम्हाला परिचित असलेले. आयोगाने द्रव पदार्थांसाठी गॅलनमागे एक शतांश ग्रेन आर्सेनिक ही मर्यादा सुचवली. आजच्या एककांत ती लिटरमागे सुमारे ०.१४ मिलिग्रॅम होते. आज आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तिच्या साधारण चौदाव्या हिश्शाइतकी. शतकभरात आर्सेनिक काही अधिक विषारी झाले नाही. त्याच्या दीर्घकालीन परिणामांचे ज्ञान वाढले आणि मोजण्याची साधने सुधारली. जे मोजता येत नाही त्यावर कायदा मर्यादा घालू शकत नाही. म्हणून मोजमापाच्या साधनाचा इतिहास हा कायद्याचाही इतिहास असतो.

३. पाऱ्याचा थेंब

आतापर्यंतच्या कसोट्या रंग, साका किंवा थर पाहून निर्णय देत होत्या. विजेचा प्रवाह मोजून पदार्थ ओळखण्याची पद्धत विसाव्या शतकात प्राग शहरात जन्मली. यारोस्लाव्ह हायरोव्हस्की यांनी १० फेब्रुवारी १९२२ रोजी काचेच्या बारीक नळीतून थेंबाथेंबाने पडणारा पारा इलेक्ट्रोड म्हणून वापरून द्रावणातील प्रवाह नोंदवला. व्होल्टता हळूहळू बदलत नेली की ठरावीक व्होल्टतेला प्रवाह एकदम वाढतो. ती व्होल्टता सांगते की पदार्थ कोणता आहे, आणि प्रवाहातली वाढ सांगते की तो किती आहे. एकाच आलेखातून दोन्ही उत्तरे मिळतात. जपानी सहकारी मासुझो शिकाता यांच्याबरोबर त्यांनी ही नोंद आपोआप करणारे यंत्र बनवले. त्याचे नाव पोलॅरोग्राफ. १९५९ मध्ये हायरोव्हस्की यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाराच का? कारणे तीन. प्रत्येक नवा थेंब म्हणजे कोरा, स्वच्छ पृष्ठभाग. मागच्या मोजणीची घाण पुढच्या मोजणीला लागत नाही. पाऱ्यावर हायड्रोजन सहज सुटत नाही, त्यामुळे बऱ्याच ऋण व्होल्टतेपर्यंत जाता येते. आणि शिसे, कॅडमियम यांसारखे धातू पाऱ्यात विरघळून पारदमिश्रण बनवतात.

या तिसऱ्या गुणाचा फायदा घेऊन १९५० च्या दशकात एक युक्ती रुळली. लोंबत्या पाऱ्याच्या थेंबावर काही मिनिटे ऋण व्होल्टता ठेवायची. द्रावणातील शिसे कण-कण करून थेंबात जमा होते. मग व्होल्टता उलट दिशेने नेली की जमलेले सगळे शिसे थोड्या वेळात बाहेर पडते आणि आलेखात उंच शिखर दिसते. रोज एक रुपया डब्यात टाकावा आणि महिनाअखेरीस डबा उपडा करून मोजावा, तसे हे आहे. रोजचा रुपया नजरेत भरत नाही, महिन्याचे तीस भरतात. या पद्धतीला स्ट्रिपिंग व्होल्टामेट्री म्हणतात. ग्राफीनच्या संवेदकांनी धातू ओळखल्याचे जे निबंध तुम्ही वाचता, त्यांतल्या बहुतेकांचा पाया आजही हाच आहे.

४. पारा नको, मग काय?

इथे इतिहासात एक विसंगती दिसते. विष शोधण्याचे सर्वांत चांगले साधन स्वतःच विष होते. १९५६ मध्ये जपानमधील मिनामाता येथे एका विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिल-पारा समुद्रातल्या माशांमधून माणसांच्या मज्जासंस्थेपर्यंत पोहोचला होता. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा आंतरराष्ट्रीय करार पुढे त्याच गावाच्या नावाने झाला. २०१३ मध्ये तो स्वीकारला गेला आणि २०१७ मध्ये अमलात आला. प्रयोगशाळेत सांभाळून पारा वापरणे एक वेळ शक्य होते. पण अन्न-निरीक्षकाच्या पिशवीत, शाळेत किंवा बाजारात पाऱ्याचा थेंब नेणे कोणालाही मान्य होण्यासारखे नव्हते.

पर्याय म्हणून कार्बन पुढे आला. १९५८ मध्ये अमेरिकेत राल्फ ॲडम्स यांनी ग्रॅफाइटची पूड तेलकट द्रवात कालवून कार्बन-पेस्टचा इलेक्ट्रोड बनवला. पृष्ठभाग खराब झाला की कागदावर घासायचा, नवा तयार. पुढे काचेसारखा कठीण ग्लासी कार्बन आला. मग कागद किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर कार्बनची शाई छापून वापरून फेकायचे इलेक्ट्रोड आले. रक्तातील साखर मोजण्याच्या अनेक पट्ट्या याच जातीच्या. २००० साली जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी कार्बनवर बिस्मथचा पातळ थर देऊन पाऱ्याच्या जवळपास जाणारी कामगिरी दाखवली, आणि बिस्मथ पाऱ्याच्या तुलनेत फारच निरुपद्रवी आहे. ग्राफीन आले तेव्हा त्याच्यासाठी जागा अशी आधीच तयार होती.

५. ग्राफीनच्या दोन वंशावळी

ग्राफीनचा इतिहास साधारणपणे २००४ पासून सांगितला जातो. त्या वर्षी मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांच्या गटाने चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत-सोलत कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर वेगळा केला आणि त्याचे विद्युत गुणधर्म मोजले. २०१० मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आर्सेनिकच्या बिअरचे आणि ग्राफीनचे शहर एकच, हा केवळ योगायोग.

पण संवेदकांत वापरले जाणारे बहुतांश ग्राफीन चिकटपट्टीतून येत नाही. त्याची वंशावळ वेगळी आणि जुनी आहे. १८५९ मध्ये बेंजामिन ब्रॉडी यांनी ग्रॅफाइटवर पोटॅशियम क्लोरेट आणि तीव्र नायट्रिक आम्लाची क्रिया करून ग्रॅफाइट ऑक्साइड मिळवले. त्यांची पद्धत धोकादायक होती. १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून तेच काम काही तासांत करून दाखवले. १९६२ मध्ये हान्स-पीटर बोएम यांनी असे ऑक्साइड पसरवून, त्यातील ऑक्सिजन काढून अतिशय पातळ कार्बन-थर मिळवले. ‘ग्राफीन’ हे नावही बोएम आणि सहकाऱ्यांनीच १९८६ मध्ये सुचवले.

आता हमर्स आणि ऑफमन कुठे काम करत होते ते पाहा. अमेरिकेतील नॅशनल लेड कंपनी, विभाग बॅरॉइड. हा विभाग तेलविहिरी खोदताना लागणारे मिश्रण बनवी. पण मूळ कंपनीचे नावच शिशाचे होते, आणि शिसेयुक्त रंगांच्या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या उत्पादकांत ती मोडत होती. घराच्या भिंतीवरील रंगात शिसे शोधण्यासाठी आज विद्यार्थी ज्या कृतीने ग्राफीन ऑक्साइड बनवतात, ती कृती अशा कंपनीच्या छताखाली जन्मली. यात कोणाचे कारस्थान नव्हते. एखादे तंत्र पुढे कोणाच्या उपयोगी पडेल हे त्याच्या जन्मदात्याला ठाऊक नसते, एवढाच याचा अर्थ.

६. ग्राफीन संवेदकात नेमके काय करते?

ग्राफीनची जाडी सुमारे ०.३३५ नॅनोमीटर आणि सैद्धांतिक पृष्ठफळ एका ग्रॅमला सुमारे २,६३० चौरस मीटर. म्हणजे जवळपास सगळे अणू पृष्ठभागावरच. संवेदकासाठी याचा अर्थ असा की धातूचे आयन किंवा रेणू बसायला भरपूर जागा आहे, आणि इलेक्ट्रॉनला वाहून न्यायला चांगला मार्गही आहे. बिस्फेनॉल-ए सारखे वलयी रेणू ग्राफीनच्या षटकोनी जाळीला सहज चिकटतात. २००९ मध्ये चीनमधील संशोधकांनी नॅफिऑन नावाच्या बहुलकात ग्राफीन मिसळून इलेक्ट्रोडवर त्याचा थर दिला आणि शिसे व कॅडमियम अतिसूक्ष्म प्रमाणात मोजले. तेव्हापासून निबंधांची रीघ लागली.

इथे एक गोष्ट तुम्हाला अनपेक्षित वाटेल. निर्दोष ग्राफीन हा चांगला संवेदक नसतो. इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण जाळीच्या सपाट भागापेक्षा तिच्या कडांवर आणि दोषांवर जास्त वेगाने होते. ऑक्साइडमधून आलेल्या ग्राफीनमध्ये भोके, कडा, उरलेले ऑक्सिजन-गट भरपूर असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीने हे दोष. संवेदकाच्या दृष्टीने कामाची जागा.

पण याच गुणामुळे एक शंका उभी राहिली. २०१२ मध्ये मार्टिन पुमेरा यांच्या गटाने दाखवले की रासायनिक मार्गाने बनवलेल्या ग्राफीनमध्ये मूळ ग्रॅफाइटमधील धातूंची अशुद्धी उरते. मग इलेक्ट्रोडची सुधारलेली कामगिरी ग्राफीनमुळे की या अशुद्धीमुळे, हे तपासावे लागते. २०२० मध्ये पुमेरा आणि सहकाऱ्यांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली आणि त्याची उत्प्रेरक क्षमता साध्या ग्राफीनपेक्षा वाढल्याचे प्रसिद्ध केले. निबंधाचा सूर उपरोधिक होता, पण त्यातले मोजमाप खरे होते. ग्राफीनमध्ये काहीतरी मिसळून आकडा सुधारला, एवढ्यावर शोध सिद्ध होत नाही, हे त्यांना सांगायचे होते.

७. हळदीचे गणित

आता एक साधा हिशेब करू. वही-पेन घ्या.

हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघड झाले आहेत. आपल्याकडे हळदीत शिशाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम हळदीत १० मायक्रोग्रॅम. ही हळद आम्लात पूर्ण विरघळवून द्रावण १०० मिलिलिटर केले, तर लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम शिसे मिळेल. घरगुती रंगांसाठी २०१७ पासून लागू असलेली मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग आहे. तोच हिशेब केला तर लिटरमागे ९०० मायक्रोग्रॅम.

लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपर्यंत ओळखणारे ग्राफीन-संवेदक अनेक वर्षांपासून प्रसिद्ध आहेत. म्हणजे हळदीसाठी लागते त्याच्या शंभरपट आणि रंगासाठी नऊशेपट संवेदनशीलता आपल्याकडे आहेच. मग अडते कुठे?

अडते ‘पूर्ण विरघळवून’ या दोन शब्दांत. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि इलेक्ट्रोडला मुख्यतः विरघळलेले आयन दिसतात. भेसळीची हळद नुसती पाण्यात कालवून त्यात उत्तम संवेदक बुडवला, तर तो जवळपास शून्य दाखवू शकतो. असे शून्य अज्ञानापेक्षा वाईट. कारण मग माणूस ती हळद निर्धास्तपणे पोराच्या दुधात घालतो. दुसरी अडचण नमुन्यातील इतर पदार्थांची. सेंद्रिय रेणू इलेक्ट्रोडवर बसून त्याची जागा अडवतात; तांबे शिशाच्या शिखरात ढवळाढवळ करते. बिस्फेनॉल-ए सारखे फिनॉल तर मोजणी होतानाच पृष्ठभागावर स्वतःची साय धरतात आणि दुसऱ्या मोजणीला इलेक्ट्रोड मंद होतो. पाऱ्याचा दर थेंबाला कोरा होणारा पृष्ठभाग आठवा. ग्राफीनला ही सोय नाही. म्हणूनच एकदा वापरून टाकायच्या स्वस्त पट्ट्यांना महत्त्व आहे. २०१४ मध्ये राइस विद्यापीठातील जेम्स टूर यांच्या गटाने पॉलिइमाइडच्या फिल्मवर लेसर फिरवून थेट ग्राफीन उमटवून दाखवले, ते या दिशेचे मोठे पाऊल ठरले.

शोधनिबंधातील ‘वास्तव नमुना’ हे शीर्षकही नीट वाचायला शिका. पुष्कळदा नळाच्या पाण्यात बाहेरून विरघळणारे शिसे घालून तेवढेच परत मोजलेले असते. ती आवश्यक पायरी आहे, पण बाजारातल्या हळदीची परीक्षा ती नव्हे.

८. ढाक्याचा बाजार

शेवटचे उदाहरण शेजारच्या बांगलादेशाचे. तिथे २०१९ मध्ये संशोधकांनी हळदीतील शिशाचा माग काढला. बाजारातून घेतलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे आढळले होते. त्यानंतर अन्न-सुरक्षा अधिकाऱ्यांनी हातात धरता येणारे क्ष-किरण यंत्र घेऊन ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड टाकली, व्यापाऱ्यांसमोर तपासणी केली, दंड केला, सूचना लावल्या, बातम्या दिल्या. २०२१ पर्यंत भेसळीच्या नमुन्यांचे प्रमाण शून्यावर आले.

ते यंत्र ग्राफीनचे नव्हते, आणि संवेदनशीलतेत उत्तम ग्राफीन-संवेदकाच्या जवळपासही नव्हते. पण त्याला भुकटी विरघळवावी लागत नव्हती, उत्तर तिथल्या तिथे मिळत होते आणि समोरच्याला ते नाकारता येत नव्हते. १८३६ मध्ये मार्श यांनी काचेवरच्या थराने जे साधले तेच हे. मात्र अशा यंत्राची किंमत लाखांत जाते. प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक मसाला-बाजारात ते ठेवणे परवडत नाही. काही रुपयांची ग्राफीनची पट्टी आणि मोबाइलला जोडता येणारे छोटे मापक यांची खरी गरज इथे आहे. ती भागवायची तर संशोधनाचा रोख इलेक्ट्रोडवरून थोडा नमुन्याकडे वळवावा लागेल. प्रयोगशाळेबाहेर हळद सुरक्षितपणे विरघळवायची कशी, शंभर पट्ट्यांचे उत्तर सारखे कसे आणायचे, तांब्याचा अडथळा कसा टाळायचा, हे प्रश्न दिसायला साधे आहेत. नोबेल त्यांना मिळणार नाही. पण ब्रॅडफर्डच्या दुकानात १८५८ साली जे साधन नव्हते, ते आपल्या दुकानात येण्याची वाट यांच्यातूनच जाते, आणि अभियांत्रिकीच्या पदवीधराला हे प्रश्न पेलण्यासारखे आहेत.

विचारासाठी प्रश्न

१. मार्श यांच्या १८३३ च्या आणि १८३६ च्या पद्धतींत संवेदनशीलतेखेरीज कोणता फरक निर्णायक ठरला?

२. पाऱ्याच्या इलेक्ट्रोडचे तीन गुण लिहा. ग्राफीनच्या छापील पट्टीत त्यांपैकी कोणता गुण कोणत्या मार्गाने परत मिळवता येतो?

३. ग्राफीन-संवेदकावरील कोणताही एक शोधनिबंध निवडा. त्यातील ओळख-मर्यादा आणि संबंधित वस्तूची कायदेशीर मर्यादा यांची तुलना करा. नमुना विरघळवण्याची कृती त्यात दिली आहे का? ती बाजारात उभे राहून करता येईल का?